बुधीबायची पाठ

बुधीबाय काहीही वाटायला निघाली की आधी पाठ फिरवायची. मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं तेच मुळी पाठमोरं. बदलापूर गावाच्या मागे जीपचा रस्ता संपतो, तिथून डोंगर चढून मी आवळवाडीत पोचले होते. घामाने निथळत होते, पाय लटपटत होते, आणि पिशवीतले बिस्किटांचे पुडे कधी एकदा कुणाच्या तरी हवाली करते असं झालं होतं. समोर दिसली ती पहिली बाई धरली आणि पुडे तिच्या हातात कोंबले. म्हटलं, "पोरांना वाटून टाका."

तिने पुडे फोडले, पळसाची पानं ओळीने मांडली, प्रत्येक पानावर बिस्किटांची ढिगली केली. मोडक्या तुकड्याला तुकडा जोडून पुरतं बिस्कीट केलं. शेजारच्या एका माणसाला ढिगल्यांपाशी बसवलं आणि स्वतः मात्र माझ्याकडे, पोरांकडे आणि बिस्किटांकडे पाठ करून उभी राहिली. मला वाटलं, बाई रुसली की काय. तेवढ्यात त्या माणसाने एका ढिगलीवर बोट ठेवून विचारलं, "ह्यो कोनाचा?"

"पदीच्या घरचा," बुधीबाय डोंगराकडे बघत म्हणाली.

"ह्यो?"

"तुजा, गोमा."

असं करत सगळ्या ढिगल्या संपल्या. एक उरली. "ह्यो?" गोमाने विचारलं. "आलेल्या बायचा," ती म्हणाली आणि वळली. मी दिलेली बिस्किटं मला माझ्या वाट्याने परत मिळाली. नको म्हणायला गेले तर म्हणाली, "वाट्याला आलेलं नाय बोलू नये. भांडन लागतं."

आता ती नाही. तिच्याविषयी लिहायला बसले की मला तोंडाआधी तिची पाठ आठवते. काळी, अरुंद, ओल्या मातीसारखी, मानेखाली लाकडाच्या मोळ्यांनी पडलेला घट्टा. तोंड म्हणाल तर साधंच होतं. डोळे मात्र असे की समोरच्याला आपली पावडर-टिकली उगाचच आठवावी.

मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीत विजेचं काम बघते. कंपनीच्या सामाजिक निधीतून आवळवाडीला सौर दिवे द्यायचे ठरले, आणि घरं बघून यायला मला पिटाळलं, कारण बाकीच्यांचे गुडघे दुखत होते. वाडीत लाईट नव्हती. म्हणजे डोक्यावर होती. वाडीच्या वरच्या धारेवर मोठे मनोरे उभे आहेत आणि त्यांच्या जाडजूड तारा वाडीला ओलांडून खाली शहराकडे, कारखान्यांकडे जातात. पावसाळी हवेत त्यांचा गुंगुं आवाज वाडीत ऐकू येतो. बुधीबाय त्या तारांकडे हनुवटी करून म्हणायची, "आमचा डोंगर चढाया येतं तिला. उतराया तेवढं येत नाय." हे ती हसत म्हणायची. मला हसू यायचं नाही. मी बदलापुरात ज्या सोसायटीत राहते तिथे लाईट गेली तर लिफ्टसाठी जनरेटर आहे, आणि तो दोन मिनिटं उशिरा सुरू झाला तर आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर युद्ध पेटतं.

लाईट तिला कशासाठी हवी होती ते मला दुसऱ्या फेरीत कळलं. तिचा नवरा घरातच गेला. अंधारात, झोपेत, मण्यार चावली. मण्यार चावलेली कळतसुद्धा नाही. सकाळी तो उठेना तेव्हा कळलं. चिमणी विझवून झोपायचं, कारण रॉकेल मिळत नाही. मग कोपऱ्यात काय सरपटतंय ते दिसणार कसं? मुलगा आणि सून अंबरनाथला कंत्राटी कामाला, खाली भाड्याच्या खोलीत. त्यांची कमळी, सहा-सात वर्षांची, आजीजवळ. बुधीबाय रोज झोपण्याआधी काठीने सगळी जमीन ठोकत फिरायची आणि मग नातीला कुशीत घ्यायची. मला म्हणाली, "मना उजेड कनाला पायजे? जमीन बगाया. बाकी तोंड बगाया तुमी शहरवाले हाय."

संच आले. एका घराला एक: छपरावर पत्रा, म्हणजे सौर पॅनेलला वाडीने दिलेलं नाव, एक बॅटरीचा डबा, चार दिवे. पण आले ते निम्म्याच घरांपुरते. उरलेले "पुढच्या टप्प्यात". हे पुढचे टप्पे मी नोकरीत पुष्कळ पाहिलेत. ते कागदावरून उठून कुठे चालत आलेले पाहिले नाहीत. आमचे प्रधानसाहेब स्वतः वाडीत आले. माणूस वाईट नव्हता, पण सगळं आधीच ठरवून येणारा होता. त्यांनी ठरवलं होतं की पायवाटेच्या कडेची खालची घरं घ्यायची, फोटोत छान येतात. आणि वाडी बुधीबायचं ऐकते हे त्यांनी हेरलं होतं, म्हणून सगळ्यांसमोर म्हणाले, "बुधीबाई, पहिला संच तुमच्या घरी. बटण तुमच्याच हाताने दाबायचं."

सगळी वाडी तिच्याकडे बघायला लागली. बुधीबायने आपल्या घराकडे पाहिलं. दारात कमळी उभी होती. मी तिच्याच तोंडाकडे बघत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, घे गं बाई, घे. तिला ते किती हवं होतं हे मला माहीत होतं. तिने ओठ घट्ट मिटले, पदर सावरला, आणि साहेबांकडे पाठ करून उभी राहिली.

साहेबांचा चेहरा लालबुंद. "ही काय पद्धत? एवढं करायचं आणि यांनी पाठ फिरवायची?" ते तरातरा डोंगर उतरले. मी मागून धावत, घसरत, समजावत होते. जीपमध्ये बसताना म्हणाले, "ज्यांना गरज आहे त्यांना देऊ. कंपनीच्या गेटबाहेरच्या बागेत लावू हवं तर." आणि ते तसं करणारे होते. निधी पावसाळ्याआधी खर्ची पडायला हवा होता, आणि बागेत दिवे लावायला कुणाची पाठ आडवी येत नाही.

पुढचा आठवडा मी ऑफिसात भांडत होते. साहेबांना सांगून पाहिलं की अहो, पाठ फिरवली म्हणजे नाकारलं नाही, ती त्यांची वाटायची रीत आहे. ते म्हणायचे, "मराठीत पाठ फिरवणे म्हणजे काय ते मला शिकवू नका." मी चिडले की माझी जीभ सैल सुटते. एक-दोनदा सुटलीही. शेवटी मी दुसरा मार्ग धरला. बुधीबायला निरोप धाडला, खाली बोलावून घेतलं, आणि रिक्षात घालून थेट एमआयडीसीत आणलं.

ती केबिनमध्ये आली ती करवंदांचं फडकं घेऊन. नमस्कार-चमत्कार काही नाही. साहेबांच्या काचेच्या टेबलावर पानं मांडली आणि करवंदांच्या ढिगल्या केल्या. साहेब, मी, अकाउंटचे जोशी, चहा आणणारा इस्माईल आणि दारातून डोकावणारी दोन माणसं. ढिगल्या सारख्या करायला तिने अर्धा अर्धा दाणा इकडेतिकडे केला. मग साहेबांना म्हणाली, "साहेब, पाठ करा."

साहेबांनी माझ्याकडे जळजळीत पाहिलं. माझी नोकरी आणि वाडीचे दिवे दोन्ही त्या क्षणी त्या टेबलावर करवंदांबरोबर पडले होते. पण साहेबांची खुर्ची फिरती होती. उठावं लागलं असतं तर ते उठले नसते. पायाने नुसतं ढकलायचं होतं. त्यांनी ढकललं. पाठ झाली.

"ह्यो कोनाचा?"

"जोशींचा."

"ह्यो?"

"इस्माईलचा."

साहेब परत वळले तेव्हा त्यांच्या पानावर सगळ्यात बारकी करवंदं होती आणि इस्माईलच्या पानावर टपोरी. बुधीबायने विचारलं, "साहेब, तुमाला बारकी आली. भांडा की."

"कोणाशी भांडू?" साहेब म्हणाले. "मीच तर..."

"आता समजलं!" ती एवढ्या मोठ्याने हसली की बाहेरची माणसं उठून आली. साहेबही हसले, पण ओशाळून. करवंद तोंडात टाकून म्हणाले, "कधी येऊ वर?"

ते आले. ह्या वेळी वाडीने अंगण सारवलं होतं. प्रत्येक घराने आपली एकेक खूण आणून ओळीत ठेवली. कोणी कवडी, कोणी बांगडीचा तुकडा, कोणी कोंबडीचं पीस. बुधीबायची खूण रिठ्याची काळी बी. खूण दाखवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी परकी. साहेब पाठ करून उभे. मी एकेका खुणेवर बोट ठेवून विचारायचं, "ह्याला?" आणि त्यांनी म्हणायचं, "आहे" किंवा "नाही". संच संपले की उरलेले नाही.

मी परकी होते, पण आंधळी नव्हते. रिठा ओळीच्या मधोमध होता. तो जवळ यायला लागला तसं माझं बोट हळू सरकायला लागलं. वाटलं, आवाज थोडा चढवावा, जरासं खाकरावं, साहेब हुशार आहेत, समजतील. बुधीबाय माझ्यासमोरच बसली होती आणि माझ्या तोंडाकडे एकटक बघत होती. तिला माझा बेत दिसला असणार. तिने एवढीशी मान हलवली, नाही म्हणून.

"ह्याला?" मी विचारलं. साध्या आवाजात.

"नाही," साहेब म्हणाले.

पदीला मिळाला. पदी म्हणजे बुधीबायची शेजारीण. बांधावरच्या एका फणसावरून दोघींचं बोलणं बंद होऊन इतकी वर्षं झाली होती की तो फणससुद्धा पडून गेला होता. साहेब वळले, रिठा कोणाचा ते त्यांना कळलं, आणि ते पांढरे पडले. "हे परत करू," म्हणाले. बुधीबायने रिठा उचलला, कनवटीला खोचला. "पाठ केली ती केली, साहेब. आता परत केली तं उद्या मना कोन इचारल?"

त्या पावसाळ्यात मी नीट झोपले नाही. ढग गडगडले की मला तिची काठी ठोकण्याचा आवाज यायचा. न राहवून मी एक चांगली टॉर्च घेतली, उल्हासनगरातून, आणि तिला एकटीला नेऊन दिली. बजावून सांगितलं, ही तुझी. पुढच्या वेळी गेले तर टॉर्च गोमाच्या कमरेला. वाट्यात गेली म्हणे! मी तिथेच तिला फाडफाड बोलले. "तुला काय देव व्हायचंय का? मरायचंय का?"

तिला राग आला नाही. मला बसवलं, कोरा चहा दिला. मग म्हणाली, "पोरी, मना उजेड नको हाय का? लय पायजे. दिवस बुडला का काठी सुटत नाय हातातली. पन मी एकदा लपवून घेतलं ना, तं दुसऱ्या टायमाला माजी पाठ कोन खरी धरल?" मला आणखीच राग आला.

एक मात्र झालं होतं. कमळी रात्री पदीकडे झोपत होती. पदीने स्वतः येऊन, उंबऱ्याबाहेर उभं राहून, बुधीबायशी नाही तर कमळीशी बोलत सांगितलं होतं, "पोरी, आमच्यात लाईट हाय, तितं निजाया ये." बुधीबायने पोर पाठवली. स्वतः गेली नाही. विचारलं तर म्हणायची, "कोंबड्या कोन बगल?"

श्रावणात फोन आला. सकाळी, मी डबा भरत होते. गोमा बोलत होता, रडत होता, मागे पावसाचा आवाज. बुधीबाय नातीला न्यायला आली नाही म्हणून पदी तिच्या घरात शिरली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. बुधीबाय चटईवर जागीच होती, पण पापण्या उचलत नव्हत्या. पोटात दुखतंय म्हणत होती. पदीने क्षणात ओळखलं, मण्यार.

मी जीपच्या रस्त्याशी पोचले तेव्हा झोळी उतरत होती. बांबूचं पुढचं टोक गोमाच्या खांद्यावर, मागचं पदीच्या. पदीच्या पायातून रक्त येत होतं, चपला कुठे तरी वर सुटल्या होत्या. बुधीबायचे डोळे मिटलेले, ओठाच्या कडेने लाळ. मी रिक्षा आणली होती. बदलापुरात डॉक्टरांनी लस चालू केली आणि म्हणाले, श्वास मंदावत चाललाय, मशीन लागेल, उल्हासनगरला न्या. अॅम्ब्युलन्समध्ये पदी तिचा हात धरून बसली होती आणि सारखी तिला शिव्या देत होती. "निजाया आली असती तं काय झालं असतं गं? फनस खाल्ला तुजा, बास? खाल्ला!" बुधीबायचा श्वास हलका हलका होत होता. मी तिच्या छातीकडे बघत होते. ती वर जाते की नाही एवढंच बघत होते.

उल्हासनगरच्या दवाखान्यात तिला मशीनवर ठेवलं. डॉक्टर काही सांगेनात. रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानातल्या म्हाताऱ्या सिंधी शेठने बाहेर भिजत उभ्या पदीला आत बोलावलं. "अंदर बैठो, अम्मा. साईं सब ठीक करेगा," म्हणाला आणि चहा पाजला. मुलगा-सून कामावरून तशीच धावत आली. साहेबांना मी फोनवर दवाखान्याचं नाव सांगितलं आणि एवढंच म्हटलं, "रिठा." ते तासाभरात आले. कोपऱ्यातल्या बाकावर बसून राहिले. जाताना मला म्हणाले, "ते 'नाही' मीच म्हटलं होतं."

"तुम्हाला दिसत नव्हतं," मी म्हटलं.

"म्हणूनच तर," ते म्हणाले.

ती अजून मशीनवर होती तेव्हाच साहेब वाडीत गेले. मला सोबत घेऊन. कंपनीत एक संच राखीव होता, एखादा बिघडला तर बदलायला. तो त्यांनी मजुराच्या डोक्यावर देऊन वर चढवला. अंगणात वाडी जमली. साहेब म्हणाले, "हा बुधीबाईंच्या घराला. ह्यात वाटा-बिटा नाही."

कोणी हो म्हणेना. गोमा खाली बघत म्हणाला, "साहेब, ती परत आली तं इचारल. बिनवाट्याचा ती घराला लावू देनार नाय. काढून टाकल." ते खरंच होतं. मग संच न मिळालेल्या घरांनी आपापल्या खुणा आणल्या आणि ओळीत ठेवल्या. गोमाचं पीसही त्यात होतं. त्याच्याही घरात अंधारच होता, आणि दोन तान्ही पोरं होती. शेवटी पदीने कनवटीतून रिठा काढला. दवाखान्यात बुधीबायचे कपडे बदलले तेव्हा तिने तो जपून घेतला होता. तिने तो ओळीत ठेवला. साहेब निमूटपणे पाठ करायला वळले.

"तुमी नका, साहेब," पदी म्हणाली.

आणि ती स्वतः वळली. खुणांकडे, संचाकडे, आमच्याकडे पाठ करून, तोंड डोंगराकडे करून उभी राहिली. मोठ्याने म्हणाली, "टाका कुटं टाकायचा तो. आमी कोन बगतोय?"

कोणी हललं नाही. मग एक म्हातारा वळला. मग त्याची सून. मग एकेक करत अख्खी वाडी वळली, ज्यांच्या घरात दिवे होते ते आणि ज्यांच्या घरात नव्हते तेही. गोमा राहिला. तो ओळीतल्या आपल्या पिसाकडे बघत होता. त्याची बायको, कडेवर पोर घेऊन, त्याच्याकडे बघत होती. मला तिच्याकडे बघवेना. तिने पोर दुसऱ्या कडेवर घेतलं आणि वळली. मग गोमाही वळला.

अंगणात समोरासमोर फक्त साहेब आणि मी उरलो. बाकी सगळ्या पाठी. डोक्यावरच्या तारा गुंगुं करत होत्या. साहेब खाली वाकले आणि त्यांनी रिठा उचलला. मी संच उघडला, बुधीबायच्या छपरावर चढले आणि माझ्या हाताने तार ओढली. ते होईपर्यंत कोणी वळून पाहिलं नाही.

बुधीबाय वाचली. त्यानंतर ती आणखी दोन पावसाळे पाहून साध्या म्हातारपणाने गेली, दिव्याखाली, कमळी शेजारी असताना. उरलेल्या घरांचे संचही आले. त्यासाठी प्रधानसाहेब वरच्यांशी जे भांडले ते ऐकून मला माझीच जीभ आठवली. आधी कोणाचा लावायचा त्याच्या वाट्यात गोमाचं घर पहिलं आलं, आणि तो वाटा मात्र साहेबांनी खरोखर डोळे मिटून केला.

पण मला आठवतो तो ती दवाखान्यातून परतली तो दिवस. संध्याकाळ होत होती. एका बाजूने पदीने धरलं होतं, दुसऱ्या बाजूने मी. दारात आली आणि छपराखालचा दिवा बघून थांबली. तिचा हात माझ्या हातात ताठ झाला.

"वाटा केला?" तिने विचारलं. आवाज अजून घोगरा होता.

"केला," पदी म्हणाली.

"पाठ करून?"

"पाठ करूनच."

बुधीबायने पदीच्या तोंडाकडे पाहिलं. मग अंगणात जमलेल्यांकडे पाहिलं. कोणी आभाळाकडे बघत होतं, कोणी कोंबड्यांकडे. गोमा टॉर्च उगाचच चालू-बंद करत होता. मग तिने माझ्याकडे पाहिलं, कारण मला खोटं बोलता येत नाही हे तिला माहीत होतं.

"पोरी, तू सांग. पाठ कोनी केली?"

"सगळ्यांनी," मी म्हटलं.

मला वाटलं, आता म्हणेल, काढा तो दिवा. तिने आमच्या दोघींच्या हातातून आपले हात सोडवून घेतले, भिंतीचा आधार घेतला, आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. बराच वेळ ती वळली नाही.